मधातली वानगी

कांताकाकूंना कशाची भीती वाटत नसे ते आधी सांगून टाकते, कारण ते एका शब्दात संपतं. कात्रीची. हातभर लांब, काळ्या दांड्याची कात्री त्या नव्याकोऱ्या कापडात अशी घालायच्या की बघणारीचा जीव वरखाली व्हावा. बाकी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना त्या भ्यायच्या. पाल, माकडं, कुरिअरवाला, कुकरची शिट्टी, बँकेचा मेसेज. फोन वाजला की आधी पदर तोंडावर जायचा आणि मग हात फोनकडे. "कोन असन वं?" हे मला विचारायचं, जसा काही फोन माझ्या पोटात वाजत होता.

मी रिसोडात त्यांच्या समोरच्या घरात राहते. घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते आणि स्वभावानं तिरसट आहे. माझ्या आईच्या मते ही पोट्टी बोलते कमी आणि फाडते जास्त. अशा बाईच्या नशिबी अशी शेजारीण! खिडकीतून हाक यायची, "वर्षे, गॅस बंद केला का मी?" अहो, तुमचा गॅस मी कसा सांगू? पण उठून जायचे. गॅस बंदच असायचा आणि काकू ओट्यापाशी उभ्या राहून त्याच्याकडे संशयानं बघत असायच्या.

काकूंचे यजमान एसटीत कंडक्टर होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. समोरच्या खोलीत शिवणक्लास चालायचा, केनवडपासूनच्या पोरी जीपनं यायच्या. शिकवायला बसल्या की मात्र काकूंचा आवाज बदलायचा. "कापडाले भेऊ नोको, मापाले भे," असं म्हणायच्या. एखादीचा हात थरथरला की वरून आपला हात ठेवायच्या आणि कात्री दोघींची मिळून चालायची. त्या वेळी दारावर कोणी थाप मारली तर मात्र आधी काकूच दचकायच्या.

वेबसाइटचं खूळ माझंच. लग्न होऊन लांब गेलेल्या पोरी फोन करून विचारायच्या, काकू, कटोरी ब्लाउजचं पुन्हा एकदा दाखवा ना. मी म्हटलं, काकू, व्हिडिओ करू, महिन्याची मेंबरशिप ठेवू, जगभरातून बायका शिकतील. काकूंनी पहिल्यांदा काय विचारावं? "जगभरातून बायका येतीन, तं त्याइच्या मांगून मानसं नाई येनार का?" मी हसले. किती हसले! शेवटी ठरलं की काकूंचा चेहरा कुठंच दिसणार नाही. टेबलाच्या वर स्टँड, स्टँडवर फोन आणि खाली फक्त कापड, खडू आणि दोन हात.

पहिली वेबसाइट मी फार झोकात केली. जांभळा रंग, गोऱ्यापान मॉडेलचा फोटो आणि खाली ओळीनं धड्यांचे चौकोन, प्रत्येकावर सोनेरी कुलूप. मेंबर व्हा, कुलूप उघडा. बायका यायच्या, पानावर जरा रेंगाळायच्या आणि जायच्या. मेंबर झाली एकच, ती माझी मावसबहीण, तीही माझ्या भिडेखातर. मी बटणाचा रंग बदलून बघितला, अक्षर मोठं करून बघितलं, काही उपयोग नाही. एक दिवस काकूंनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितली आणि दोन पावलं मागं सरकल्या.

"एवढे कुलपं कायले लावले वं? मले तं वाटते, अंदर कोनाचं तरी बरंवाईट झालं हाये."

मला राग आला, पण बाई चुकीचं बोलत नव्हती. आत काय आहे ते कळल्याशिवाय कुलपाला कोण हात लावेल? मग मी कुलपं काढली, जांभळा रंग काढला आणि प्रत्येक धड्याची छोटी झलक फुकट ठेवली. निवडून निवडून, छान छान. पूर्ण झालेला गळा, कडक इस्त्रीची बाही. आता बायका मेंबर होऊ लागल्या, पण महिना सरला की निघून जायच्या. झलक पाहून वाटायचं, चुटकीसरशी ब्लाउज होतो. आत आल्यावर कळायचं, इथं तर उसवा, पुन्हा मोजा, पुन्हा उसवा.

काकूंना हे सांगितलं तर त्या टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "म्हंजे तू वरची मूठ दाखवून राह्यली!"

काकूंचे वडील रिसोडच्या बाजारात मापारी होते, म्हणजे पोत्यातला माल मोजून देणारे. सोयाबीनचं पोतं आलं की व्यापारी आधी मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो, ती वानगी. लबाड माणूस पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा ठेवतो आणि खाली माती-काडी. वडिलांचा शिरस्ता असा की हात पोत्याच्या मध्यापर्यंत घालायचा, तोंड दुसरीकडं करायचं आणि न बघता मूठ काढायची. "वानगी मधातली पाह्यजे," काकू म्हणाल्या. "आन् काढताना पाहाचं नाई. पाह्यलं का नियत बिघडते." मोबाइलच्या रिंगला भिणारी बाई इतकं ठासून बोलली की मी त्याच दिवशी निवडलेल्या झलका काढून टाकल्या.

तेव्हापासून तोच नियम झाला. मी वेबसाइटला तशी सोयच करून टाकली. धडा चढवला की त्याचा बरोबर मधला तुकडा आपोआप कापला जाई आणि कोणी न बघता पहिल्या पानावर जाऊन बसे. कधी त्यात खडू मोडायचा, कधी काकू म्हणायच्या, "थांबा बायांनो, चुकलं माहं." एका तुकड्यात तर सबंध वेळ त्या सुईत दोरा ओवत होत्या आणि दोरा काही जात नव्हता. मी म्हटलं, आता गेलंच सगळं. पण त्याच तुकड्यावर बायका मेंबर झाल्या, आणि टिकल्या. नांदेडची एक जण लिहिते, काकू, तुमचंही चुकतं हे बघून मला धीर आला. काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले आणि उठून दाराची कडी बघून आल्या. नवी मेंबर आली की फोन 'टिंग' करायचा, आणि टिंग झालं की त्यांना कडी बघून यावंच लागे. न जाणो, खरंच कोणी आलं असलं तर!

तोवर सगळी गंमत होती. मग रूपा आली.

रूपा अनसिंगची. लग्नाआधी काकूंकडे शिकून गेलेली, शांत, हाताला हलकी. दिलं हिंगोलीच्या बाजूला. एका दुपारी ती पिशवी घेऊन काकूंच्या दारात उभी राहिली आणि तिनं नुसती डावी बाही वर केली. मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता, त्रिकोणी, ठसा उमटवल्यासारखा. नवऱ्यानं टेकवली होती. आधीही ती पळून माहेरी गेली होती, तेव्हा बापानं समजूत घालून परत पाठवलं. आता माहेरी जायची सोय नव्हती, आणि नवरा पहिला तिथंच जाणार होता. काकूंचं नाव मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

काकूंनी तिला आत घेतलं आणि त्या दिवसापासून त्या घरात भीती पाहुणी न राहता भाडेकरू झाली. पोरी क्लासला आल्या की रूपा आतल्या खोलीत. गल्लीत मोटरसायकलचा आवाज आला की दोघींचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. पोलिसात जा म्हणून मी किती डोकं फोडलं! रूपा मान हलवायची, "ताई, त्याले कळलं तं मारून टाकन." काकू मला म्हणायच्या, "घाई नोको करू. लेकरू आधी जेवू तं दे पोटभर." रूपानं त्यांना फोनमधला नवऱ्याचा फोटो दाखवून ठेवला होता. काकू तो सारखा मागून बघायच्या. मी विचारलं, कशाला उगाच बघता, तर म्हणाल्या, "तोंडवळखीचं भेव बरं वं. बिनवळखीचं लय वाईट."

महिन्याभरात रूपा जरा माणसात आली. शूटिंगच्या वेळी टेबलाच्या या बाजूला, फोनच्या नजरेबाहेर बसून काकूंना खडू-टेप देऊ लागली. एका धड्यात रेशमी कापड होतं. ते घसरलं. काकू कापण्याच्या नादात म्हणून गेल्या, "रूपा, धर वं. भेऊ नोको, मी हावो ना." आणि रूपाचा हात आत आला. दोन हात कापडावर, एक सुरकुतलेला, एक कोवळा, आणि कोवळ्या हाताच्या मनगटावर तो त्रिकोण. धडा तासाभराचा, त्यात हे काही क्षण. पण ते क्षण नेमके मधात होते.

यंत्रानं मूठ घातली, न बघता काढली आणि पहिल्या पानावर मांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून टिंग, टिंग, टिंग. एवढ्या बायका कधीच आल्या नव्हत्या. 'भेऊ नोको, मी हावो ना' हा तुकडा बायकांनी एकमेकींना पाठवला होता, भावाच्या बायकोनं नणंदेला, नणंदेनं भिशीच्या ग्रुपला. मी तुकडा बघायच्या आधी आकडे बघितले आणि पेढे घेऊन काकूंकडे गेले. दार रूपानं उघडलं. तिच्या हातात काकूंचा फोन होता आणि तोंडाला रंग नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "हा डाग त्याले वळखू येईन. त्यानंच तं देल्ला."

मी तिथंच बसून तुकडा काढून टाकला. पण वेबसाइटवरून काढला म्हणून लोकांच्या फोनातून थोडाच निघतो! संध्याकाळी एका नव्या मेंबरनं प्रश्न टाकला. नाव बाईचं होतं, ममता. 'त्या दुसऱ्या ताई कोण आहेत? क्लासचा पत्ता द्या, बायकोला पाठवायचं आहे.' मी ते मोठ्यानं वाचलं आणि मलाच ऐकू आलं मी काय वाचलं ते. ममताला कुठली बायको?

काकू खाली बसल्या. जमिनीला हात लावून, हळूच, जशी जमीनही खाली जाणार होती.

पत्ता मी दिला नाही, पण पत्ता तर पहिल्या पानाच्या तळाशी पहिल्यापासून होता. पत्ता असला की गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो, हे आमच्या धंद्यातलं साधं शहाणपण आहे. तो मी लगेच पुसला, पण तोवर कोणी उतरवून घेतला असेल तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रूपाला वाशीमला महिलांच्या वसतिगृहात पोचवणार होतो. जीप सांगून ठेवली होती. त्याच दुपारी मेंबरांसाठी काकूंचा आठवड्याचा थेट वर्ग होता, बायका आपापल्या घरून बघायच्या आणि शंका विचारायच्या. मी म्हटलं, आज राहू द्या. काकू म्हणाल्या, "नाई. रोजच्यासारखं चालू ठेव. बंद दिसलं तं त्याले वाटन, पयालो आपन." म्हणून फोन स्टँडवर होता, टेबल दिसत होतं, पाच-पन्नास बायका वाट बघत होत्या आणि काकू खडू शोधत होत्या, जो त्यांच्या हातातच होता.

मोटरसायकल दारासमोर थांबली.

खिडकीतून बघितलं. तोच होता. फोटोतल्यापेक्षा बारीक, पांढऱ्या शर्टातला, अगदी साधा दिसणारा माणूस. मला वाटलं होतं राक्षस असेल. त्यानं शांतपणे स्टँड लावला, मोबाइल काढून घरावरचा क्लासचा बोर्ड ताडून बघितला आणि मग दारावर थाप मारली. आत रूपानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"रूपे, चाल. बाहेर निंग."

आवाज चढलेला नव्हता. त्याचंच जास्त भय वाटलं. मग दारावर लाथ बसली, कडी खळाळली, वरची माती पडली. मी, जी सगळ्यांना फाडून खाते, ती शिलाई मशीनला धरून उभी होते.

काकूंच्या अंगाला असा कंप सुटला होता की कमरेच्या किल्ल्या वाजत होत्या. त्यांनी स्टँडवरचा फोन काढला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उलटा करून स्वतःच्या तोंडासमोर धरला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मेंबरांना कांताकाकू दिसल्या. घामानं कपाळाला केस चिकटलेल्या, ओठ पांढरे पडलेल्या.

"वर्षे," त्या म्हणाल्या, "कुलूप काहाड. मेंबर नसन तिलेबी पाहू दे. समद्याइले पाहू दे."

मला कळलं. लॅपटॉपवर बटण दाबलं आणि वर्ग सगळ्यांना खुला केला.

काकूंनी दार उघडलं नाही. इतक्या वेड्या त्या नव्हत्या. खिडकीचं एक फळकट उघडलं, गजाच्या आतून फोन त्याच्यावर धरला आणि बोलल्या. आवाज फुटत होता, मध्येच तुटत होता. "बोल बावा. काय पाह्यजे? जोरानं बोल, बाया आयकून राह्यल्या."

तो खिडकीपाशी आला. "माही बायको हाये अंदर."

"कोनाची हाये ते मी नाई विचारलं. इस्त्री कोनं टेकवली, ते सांग."

त्यानं फोनवर हात टाकला, गजात हात अडकला. आणि तेव्हा त्याला फोनच्या काचेवर स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याच्याखाली पावसासारखे पडणारे बायकांचे शब्द. कोण आहे हा? काकू, दार उघडू नका! मी पोलिसांना फोन लावला. मी ओळखते याला, आमच्याच गावचा आहे. ही शेवटची ओळ काकूंनी फोन जरासा आपल्याकडे तिरका करून अडखळत मोठ्यानं वाचली. "पाह्य, तुह्या गावची बाई हाये. नाव सांगू का म्हनते तुहं."

त्यानं गळ्यातली दस्ती ओढून तोंड झाकलं. मोटरसायकल वळवताना मात्र एकदा खिडकीकडे बघितलं आणि म्हणाला, "रोज थोडीच चालू राह्यते तुही टीव्ही. येतो मी."

तो गेल्यावर काकूंनी फोन खाली ठेवला आणि मोरीत जाऊन ओकल्या. परत आल्या तरी दात वाजतच होते. लोक नंतर म्हणाले, काय धीराची बाई! धीर? मी तिथं होते. त्या बाईकडे त्या वेळी धीर नावाचा दाणाही नव्हता. होतं ते सगळं भय होतं, आणि तेच तिनं हातात घेऊन खिडकीपर्यंत नेलं.

आता रूपा तक्रारीला तयार झाली. चित्रण होतंच. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी नीट लिहून घेतलं, त्याला बोलावून तंबीही दिली. मी म्हटलं, बघा काकू, संपलं. काकू म्हणाल्या, "कागद लिवला, बेस झालं. पन कागद काई दारात उभा राह्यत नाई." वसतिगृहात रूपाला एकटीला पाठवायला त्यांनी आता साफ नकार दिला. चार बायांत कोणी ना कोणी फितूर होतेच, असं त्यांचं म्हणणं. मनात काय शिजतंय ते मला कळू दिलं नाही.

इकडे मेंबर होणाऱ्यांची रीघ लागली होती. एका घाबरलेल्या चेहऱ्यानं जे केलं, ते माझ्या जांभळ्या रंगानं आणि सोनेरी कुलपांनी सात जन्मांत केलं नसतं. मी काकूंना आकडा सांगायला गेले. त्या कपडे भरत होत्या.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या.

"काकू, आत्ता? आता तर कुठं..."

"बंद कर वं. रूपाचा हात जठी जठी आला ते सोडून बाकीचे धडे बायाइले पाठवून दे, शिकू दे बिचाऱ्याइले. पन दुकान बंद. माह्या तोंडाची वानगी लय गावाइत गेली आता."

मी भांडले. खरंच भांडले. हे घर, हा क्लास, एवढी वर्षं! एका नालायक माणसापायी तुम्ही का जायचं? पोलिस आहेत, आम्ही आहोत. काकू ऐकत राहिल्या आणि रूपाच्या ब्लाउजांच्या घड्या घालत राहिल्या. सगळ्यांच्या बाह्या नव्यानं लावल्या होत्या, मनगटापर्यंत लांब. शेवटी म्हणाल्या, "मले भेव लागते, वर्षे. आन् हे लेकरू माह्या भरवशावर झोपते."

बसस्टँडजवळ जीपगाड्या लागतात, तिथं मी सोडायला गेले. भर दुपार, सोयाबीनच्या पोत्यांचे ट्रॅक्टर, जीपवाल्यांच्या हाका. काकू मधल्या सीटवर, दोन बायांच्या मध्ये दबून बसलेल्या. पदर कपाळापर्यंत. रूपा त्यांना चिकटून. दोघींचे हात पिशवीच्या आड एकमेकींत होते.

"कुठं चालल्या, काकू? मला तरी सांगा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. तेच घाबरलेले, पाणावलेले डोळे. "तुले नाई सांगत. उद्या तो तुह्या दारात आला, तं तुले खोटं बोलाचं भेव लागन. माहीतच नसन तं काय सांगशीन?"

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. पुढच्या फाट्यावरून एक रस्ता वाशीमकडे जातो, एक मेहकरकडे आणि एक सेनगावकडे. मी जीपकडे पाठ केली, दोन्ही कान दाबून घेतले, आणि आवाज पार विरला असेल असं वाटेपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिले.